रुईशी लावलेलं लग्न

सोमवार, ६ जानेवारी २०२५. एडवण

आमच्या दिनानाथरावांना म्हातारचळ लागला आहे. सकाळी पानवेलीचं शिंपणं अर्धवट टाकून घरात आले आणि म्हणाले, "मंदा, गाडी काढतो. आठ-दहा दिवस फिरून येऊ." मी म्हटलं, कुठे, काशीला? तर म्हणे नाही, इथेच. दातिवरे, केळवे, माहीम, सातपाटी, तारापूर. हायवे धरायचाच नाही, सगळं आडवाटेने, समुद्र धरून. किल्ले बघायचे, जुनी गावं बघायची. तेहेतीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने मला केळव्याचा पाणकोट, समुद्रातला तो किल्ला, दाखवला नाही, ओहोटीची वाट बघायला वेळ नाही म्हणून. आणि आता किल्ले!

मी साफ नाही म्हणणार होते. प्रणवला जाऊन चौदा महिने झाले. एवढ्यात मी एडवणबाहेर तीनदा गेले असेन, तिन्ही वेळा त्या कंपनीच्या कागदांवर सह्या करायला. लोक काय म्हणतील? पोटचा पोरगा कारखान्यात जळून गेला आणि ही दोघं निघाली हिंडायला. पण बोलता बोलता ह्यांनी अख्खी भाकरी खाल्ली. किती दिवसांनी. मग मी गप्प बसले आणि बॅग भरायला घेतली. मळा पुतण्या शैलेश बघेल.

मंगळवार, ७ जानेवारी. दातिवरे

पानांच्या करंड्या स्टेशनवर न्यायची आमची जुनी व्हॅन, तिच्यात मागे गादी, स्टोव्ह, पाण्याचा कॅन. निघालो ते उत्तरेला जायचं सोडून आधी दक्षिणेला, दातिवऱ्याला. मी म्हटलं, उलटं का? म्हणाले, सुरुवात टोकापासून करावी. इथला किल्ला डोंगरावर आहे. हे मात्र मला खाली जेटीपाशी व्हॅनमध्ये बसवून मच्छीमारांच्या आळीत शिरले ते तासाभराने आले. चेहरा पडलेला. म्हणाले, किल्ल्याची माहिती विचारत होतो. किल्ला वर आणि विचारपूस खाली!

तो तास मला जड गेला. दातिवरे हे त्या मुलीचं गाव. लिहायचं नव्हतं, पण ही वही माझी आहे, इथे खोटं बोलून कोणाला फसवू? हेमाली नाव तिचं. बोईसरला प्रणवच्याच कंपनीत पॅकिंगला होती. घर मच्छीमारांचं. प्रणवने दोन वर्षांपूर्वी विषय काढला तेव्हा मी म्हटलं, ती ह्या घराचा उंबरा ओलांडेल त्या दिवशी मी विहीर जवळ करीन. तीस वर्षं शाळेत पोरांना 'सारे भारतीय माझे बांधव' म्हणायला लावलं आणि घरात हे बोलले. त्याने फोन पुढे केला, "आई, फोटो तरी बघ." मी तोंड फिरवलं आणि तांदूळ निवडत बसले. तो पुन्हा बोलला नाही. मला वाटलं, निवळलं प्रकरण.

गुरुवार, ९ जानेवारी. केळवे

आज पाणकोट बघितला. ओहोटीला चिखलातून चालत गेलो. ह्यांनी हात धरला होता, तरी मी घोट्यापर्यंत रुतले, चप्पल चिखलातच राहिली, आणि मला हसू फुटलं. मोठ्याने हसले. मग एकदम आठवलं, आणि इतकी लाज वाटली की किनाऱ्यावर येईपर्यंत वर बघितलं नाही. ते म्हणाले, "हस गं. तो काय रागावणार आहे?"

परतताना मी पाय धूत होते तर हे मासळीवाल्या बायकांशी बोलत उभे. घेतलं काहीच नाही. माहिमालाही काल हेच. किल्ला पाच मिनिटं, बायका अर्धा तास. करून करून भागला नि देवपूजेला लागला म्हणतात, हा माणूस कशाला लागला आहे कोण जाणे.

शुक्रवार, १० जानेवारी. सातपाटी

कळलं कशाला लागला आहे ते.

बंदराजवळ व्हॅन लावून हे गेले. एक म्हातारी टोपली घेऊन आली, काचेतून आत वाकली आणि म्हणाली, "तुमी हेमालीचं कोन? तो मानूस इचारत फिरतोय दातिवऱ्याच्या हेमालीला. ती इथं नाय. तिची आई मेली, तवा पोर मावशीकडं गेली. कुठली मावशी ते आमाला नाय म्हाईत."

मी म्हटलं, कोणी नाही. हे आल्यावर मी जे तोंड सोडलं ते सोडलं. रस्त्यात, चारचौघांत. म्हटलं, मेलेल्या पोराच्या मागे त्याची लफडी हुंगत फिरताय? मला किल्ल्यांची भूल घालून? ह्यांनी व्हॅन चालू केली आणि म्हणाले, "दोन दिवस समुद्र नको. जव्हारला जाऊ. तिथे सांगतो सगळं. नंतर घरी चल म्हणालीस तर घरी जाऊ."

जेवले नाही. भूक होती, तरी जेवले नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा असा.

रविवार, १२ जानेवारी. जव्हार

काल विक्रमगडवरून चढत आलो. इथे थंडी आहे, हवा कोरडी आहे, मासळीचा वास नाही. राजवाडा बघितला, मोठमोठ्या खिडक्या, बाहेर नुसती दरी. ह्यांनी तिथेच एका बाकावर बसून सांगितलं. खिशातून पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं.

पालघरच्या कचेरीतला विवाह नोंदणीचा दाखला. प्रणव दिनानाथ आणि हेमाली. दोन जून दोन हजार तेवीस. म्हणजे तो जायच्या पाच महिने आधी. सरावलीला त्याच्या खोलीत राहणारा धर्मेश दिवाळीत त्याची उरलेली बॅग देऊन गेला, तिच्या अस्तरात हे सापडलं. दोन महिने हा माणूस ते छातीशी घेऊन फिरतो आहे आणि मला सांगायची छाती झाली नाही.

मला आधी राग आला, तो प्रणवचा. पाच महिने दर रविवारी यायचा. आंघोळ, जेवण, आणि जाताना डबा. "आई, जास्त भर. धर्मेशपण खातो." मी चार भाकऱ्या जास्त थापायची, कालवण जास्त घालायची. इथे बाकावर बसून उमगलं, तो डबा कोणाला जात होता. ती पाच महिने माझ्या हातचं जेवत होती.

मग हे म्हणाले, "मंदा, आपण त्याला रुई लावली."

आमच्या घरात बिनलग्नाचा मुलगा गेला की अग्नी देण्याआधी त्याचं रुईच्या फांदीशी लग्न लावतात, नाहीतर जीव अडकून राहतो असं म्हणतात. आमच्या थोरल्या दिरांनी फांदी आणली. हळद मीच लावली होती, फांदीलाही आणि त्यालाही, जिथे लावण्यासारखं उरलं होतं तिथे.

"पहिली बायको जिवंत, आणि आपण त्याचं दुसरं लग्न लावलं. तिला कळवलंसुद्धा नाही. तिला कोणी दारात घेतलं नसेल, रडूसुद्धा दिलं नसेल." हे रडत होते. सहलीला आलेली कॉलेजची पोरं बघत होती. बघोत.

ह्यांचं म्हणणं, तिला शोधायची, घरी आणायची, भावकीला बोलावून सांगायचं ही आमची सून, आणि प्रणवचं काय करायचं ते तिच्या हातून पुन्हा करायचं.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

मंगळवार, १४ जानेवारी. सरावली

आज संक्रांत. चिल्हार फाट्यावरून बोईसरला उतरलो आणि मीच म्हटलं, त्या धर्मेशकडे चला. हे म्हणाले, तीनदा जाऊन आलो, तो 'मालूम नहीं' म्हणतो. मी म्हटलं, मला नेलंत का? काखेत कळसा नि गावाला वळसा.

प्रणवची ती खोली. पत्र्याची, शेजारी सगळे बिहारकडचे कामगार, एकजण दारात कणीक मळत होता. धर्मेश मला बघून उभाच राहिला. म्हणाला, "काकी, तुम्ही आलात? आता सांगतो. काकांना खोटं बोललो मी. भाभीने कसम घातली होती."

भाभी म्हणाला तो. तो शब्द माझ्या कानात राहिला.

"भाभी बोलली होती, कोणालाच पत्ता देऊ नको. प्रणवची आई स्वतः विचारायला आली, तरच दे. बाकी कोणाला नाही."

मी त्या कॉटवर बसले. त्या मुलीने माझी वाट बघितली. मी तिचं तोंड बघायला तयार नव्हते, तरी तिने माझीच वाट बघितली. धर्मेश म्हणाला, घिवलीला आहे, तारापूरच्या पुढे, गोदूबाई म्हणून मावशी आहे तिच्याकडे. मोबाईल काढून म्हणाला, "फोटो दाखवू?" मी नको म्हटलं. आता प्रत्यक्षच बघेन, डोळे भरून बघेन.

संध्याकाळी बोईसरच्या बाजारात साडी घ्यायला गेले. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने करतात. पण हिची पहिली संक्रांत गेल्या वर्षीच होऊन गेली, आणि ती कशी गेली असेल? दुकानदार म्हणाला, "कोणासाठी, ताई?" मी म्हटलं, सुनेसाठी. पहिल्यांदाच म्हटलं. त्याने लाल, हिरव्या, जरीच्या अशा पंधरा साड्या पसरल्या. एकीवरही हात ठेवता येईना. पांढरी-करडी घेऊ तर पोर पंचविशीची. जरीची घेऊ तर कोणासाठी नेसेल? शेवटी साधी निळी, बारीक फुलांची घेतली. कुठेही नेसता येईल.

हे व्हॅनमध्ये बसून तिळगूळ खात होते. तोंड भरलेलं असताना म्हणाले, "मंदा, वरची खोली तिला देऊ." मी म्हटलं, आधी रंग काढा भिंतींना.

गुरुवार, १६ जानेवारी. तारापूर

काल जायचं होतं, गेलो नाही. आज जायचं होतं, गेलो नाही. एकदा व्हॅनचं टायर बघायचं होतं, एकदा माझं डोकं दुखत होतं. खरं सांगायचं तर दोघंही घाबरलो आहोत. तारापूरचा किल्ला बाहेरून बघितला, आत वाडी आहे कोणाची तरी. भिंतीवरून चिकूच्या फांद्या बाहेर आल्यात. ह्यांनी माळ्याशी चिकूच्या कलमांवर एक तास घालवला, आणि मी भिंतीच्या सावलीत बसून काय बोलायचं ते पाठ करत होते. 'पोरी, माझं चुकलं.' एवढं म्हटलं की पुढचं येईल. उद्या नक्की.

शुक्रवार, १७ जानेवारी. घिवली

दुपारी बारा वाजता पोचलो. गाव संपतं तिथे वाळूवर बांबूंचे उभे-आडवे सांगाडे, त्यांवर बोंबील वाळत घातलेले, दोन-दोन एकमेकांच्या जबड्यात अडकवून. चार-पाच बायका कामाला. विचारलं तर एकीने दूरच्या टोकाकडे बोट दाखवलं.

ती एकटीच काम करत होती. अंगाने बारीक. ऊन म्हणून ओढणी तोंडाभोवती गुंडाळलेली, डोळे तेवढे दिसत. आम्हाला येताना बघितलं, पण हात थांबले नाहीत. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मला म्हाईत होतं तुमी येनार. दातिवऱ्याहून फोन आलेला, कोन व्हॅनवाला इचारतोय म्हनून."

मी म्हटलं, "पोरी, माझं चुकलं." पुढचं आलं नाही. पाठ केलेलं सगळं गेलं.

मग हेच बोलले. चल घरी, तुझं घर आहे, सगळ्यांना सांगतो ही आमची सून. ती बोंबील अडकवत राहिली. टोपली संपली तेव्हा थांबली.

"काका, वसंतपंचमीला माझं लगीन हाय. मुरबे गावचा पोरगा हाय, बोटीवर तांडेल हाय, बोट तोच चालवतो. त्याला कागदाचं म्हाईत नाय. मावशीला पन नाय. तुमी मला सून म्हनलात तर मी आदी विधवा व्हनार. मंग कोन मला करनार? आज मी कोनाचीच कोन नाय, म्हनून तर लगीन व्हतंय."

हे म्हणाले, "पण तू धर्मेशला सांगितलं होतंस ना, आई आली तर..."

"व्हय. वरीस झालं त्याला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वरीसभर वाट बघितली मी तुमची. रोज. मंग आई मेली, मंग नाय बघितली."

मी विचारलं, तुला कळलं कधी? मी काय विचारते आहे ते मलाच कळत नव्हतं. म्हणाली, "त्याच दिवशी. मी शिफ्टलाच हुती, पॅकिंगमदी. आवाज आयकला मी. मंग तेराव्याला आलेली मी तुमच्या घरी. कंपनीतल्या पोरींच्या संगती. पंगतीला बसली. तुमी वाढत हुत्या. मला म्हनल्या, लाजू नको गं पोरी, पोट भरून जेव. लाडू दोनदा वाढला. तुमी वाढलं नि मी खाल्लं. माझं तेरावं तेच झालं."

त्या दिवशी मला बसवत नव्हतं म्हणून मी वाढायला उठले होते, एवढं मला आठवतं. कोणाला वाढलं ते आठवत नाही. दोनशे माणसं होती. मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"कोन गो पावनी, हेमाली?" शेजारची बाई, जमना नाव तिचं, डोक्यावर टोपली घेऊन उभी. नजर आमच्या कपड्यांवरून फिरत होती. अशी वाडीवाली माणसं घिवलीच्या वाळूत कशाला?

हेमाली एका क्षणात म्हणाली, "सुके बोंबील घ्यायला आलेत. पालघरची हायत."

जमना हलेना. टोपली खाली ठेवून उभी राहिली. मग मी काय करणार? मी म्हटलं, "कसे दिलेस?" हेमालीने भाव सांगितला. मी म्हटलं, "इतके? अगं, सातपाटीला ह्याच्या निम्म्यात मिळतात." ती म्हणाली, "तर मंग सातपाटीला जावा, मावशी." जमना खो-खो हसली. मी म्हटलं, ओलसर आहेत, बुरशी धरेल. ती म्हणाली, चार उन्हं खाल्लीत, हात लावून बघा. मी हात लावून बघितले. खडखडीत होते. मी म्हटलं, बरं, थोडं खाली ये. ती म्हणाली, एक रुपया नाय. आम्ही दोघी घासाघीस करत होतो आणि हे शेजारी उभे, डोळे पुसायचे म्हणून चष्मा पुसत होते.

पैसे देताना ह्यांनी नोटांच्या घडीत ते दाखल्याचं पाकीटही दिलं. तिने न बघता कमरेला खोचलं. निळी साडी व्हॅनमध्येच राहिली. ती द्यायची कशी, बोंबलांच्या बदल्यात?

निघताना जमना म्हणाली, "परत या गो, आमच्या हेमालीचा माल चोख असतो." हेमाली दुसरी टोपली घेऊन वळली होती.

शनिवार, १८ जानेवारी. एडवण

घरी आलो. शैलेशची बायको रूपल विचारते, काकी, काय काय बघितलं? मी सांगितलं, पाणकोट, राजवाडा, तारापूरचा किल्ला. काय आणलं? बोंबील. हसली ती, म्हणाली एवढं फिरून बोंबीलच?

हे सकाळपासून मळ्यात आहेत. मी ओसरीवर बसून पंगत आठवते आहे. कंपनीच्या मुली कुठल्या रांगेत होत्या, कोणी काय नेसलं होतं. हाताला लाडवाचं ताट आठवतं, पत्रावळी आठवतात, तोंडं आठवत नाहीत. आणि काल ओढणी होती. मला म्हणायचं होतं, जरा ती ओढणी काढ गं, तुला बघू दे, आणि तेवढ्यात जमना आली. दोनदा ती माझ्यासमोर होती, एकदा जेवायला आणि एकदा विकायला, आणि मला तिचं तोंड माहीत नाही. उद्या पालघरच्या बाजारात शेजारून गेली तर मी ओळखणार नाही. तिला तेच हवं आहे.

वसंतपंचमीला लग्न. आम्हाला बोलावणं नाही, नसावंच. मी ह्यांना म्हटलं, त्या दिवशी घरात पुरणपोळी करीन. ते म्हणाले, "प्रणव गेल्यापासून गोड केलं नाहीस. भावकीतलं कोणी आलं आणि विचारलं, आज कसली पोळी, तर?"

मी म्हटलं, सांगू, असंच.